सांगलीत जीभ टोचून घेताना: पहिल्या चौकशीपासून छोट्या दांडीपर्यंत

माझ्या ओळखीतल्या बऱ्याच पोरापोरींनी जीभ टोचून घेतली ती गोव्याच्या नाहीतर पुण्याच्या सहलीत. तिथं स्टुडिओ झकास असतो, घरचं कुणी बघणारं नसतं, सोबत मित्रमंडळी असतात. मग रविवारी रात्री गाडी सांगलीत परत येते आणि सोमवारी सकाळी जीभ सुजून तोंडात मावेनाशी होते. आता विचारायचं कुणाला? टोचणारा दोनशे किलोमीटरवर आणि तो फोनवर एवढंच म्हणतो, "होतं असं, बर्फ चघळा."

म्हणून सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते. ज्याच्याकडे पुढच्या महिन्या-दीड महिन्यात दोन-तीन वेळा सहज जाता येईल, त्याच्याकडेच जीभ टोचून घ्या. सांगली, मिरज, फार तर कोल्हापूर. साताऱ्याच्या मंडळींना पुणं तसं जवळ, पण पुन्हा जाणं खरंच होणार असेल तरच. पहिल्या दिवशी बसवलेली दांडी, म्हणजे जिभेतून आरपार जाणारा, दोन्ही टोकांना मणी असलेला दागिना, मुद्दाम लांब असते, कारण सुजेला जागा लागते. सूज उतरली की ती काढून छोटी बसवावी लागते. हे दुसरं जाणं लोक टाळतात आणि पुढं दात-हिरड्यांचं जे नुकसान होतं त्याला बऱ्याचदा तिथूनच सुरुवात होते.

आधी आरशासमोर उभं राहा

तोंड उघडून जिभेचं टोक टाळूला लावा. जिभेखाली मधोमध एक पातळ पडदा दिसेल आणि त्याच्या दोन्ही बाजूंना निळसर शिरा. दांडीचं खालचं टोक या पडद्याच्या पुढं आणि दोन शिरांच्या मधूनच बाहेर यायला हवं. वरच्या बाजूला ही जागा साधारण टोकापासून दीड ते दोन सेंटिमीटर मागं येते. काहींचा पडदा अगदी टोकापर्यंत आलेला असतो आणि जीभ बाहेर काढली की टोक खाली ओढलं जातं. अशा जिभेत दांडीला सुरक्षित जागाच नसते. चांगला पिअर्सर हे बघून सरळ नाही म्हणतो. त्याचं ऐका, दुसऱ्या दुकानात जाऊन "हो" मिळवू नका.

तब्येतीचंही तसंच. जन्मापासून हृदयात दोष असेल, झडपेचं ऑपरेशन झालं असेल, लहानपणी सांधे सुजून ताप आला होता आणि तेव्हा डॉक्टरांनी हृदय तपासायला सांगितलं होतं, असं काही असेल तर जीभ टोचू नका. तोंडात जंतू कायम असतात. जखमेतून ते रक्तात गेले आणि खराब झडपेवर जाऊन बसले की जिवावर बेततं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, रक्त न गोठण्याचा आजार, आटोक्यात नसलेली साखर, गरोदरपण, यातलं काहीही असेल तरी थांबा. दातांना तारा लावल्या असतील तर त्या निघेपर्यंत थांबा. आणि वयाची अठरा वर्षं पूर्ण नसतील, तर ती होऊ द्या.

ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येत असेल तर पहिली भेट दंतवैद्याची. सांगलीकरांची यात सोय आहे: सांगली-मिरज रस्त्यावर भारती विद्यापीठाचं आणि तासगाव रस्त्याला कवलापूरजवळ वसंतदादा पाटील दंत महाविद्यालय आहे. दात साफ करून घ्या आणि जीभ टोचणार आहे हे तिथं मोकळेपणानं सांगा. दंतवैद्य बहुधा नकोच म्हणतील. त्यांची कारणं नीट ऐकून घ्या, ती खरी असतात आणि त्यातली मोठी कारणं पुढं येतीलच.

हिपॅटायटिस बी ची लस झाली आहे का ते घरी विचारा. मोठेपणी घ्यायची तर तीन डोस असतात: पहिला, महिन्याभरानं दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालं तेही बघा. तुम्ही दर शिवजयंतीच्या शिबिरात रक्तदान करणाऱ्यांपैकी असाल तर हेही लक्षात असू द्या, की शरीर टोचून घेतल्यावर रक्तपेढी वर्षभर तुमचं रक्त घेत नाही.

तारीख ठरवताना

पहिला आठवडाभर बोलणं बोबडं येतं. त्यामुळं तोंडी परीक्षा, मुलाखत, घरातलं लग्न आणि एकांकिका स्पर्धा यांच्या आधी पंधरा दिवस तरी हे करू नका. सांगली ही नाट्यपंढरी, १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी इथं 'सीता स्वयंवर' उभं केलं तेव्हापासूनची. कॉलेजच्या नाटकात काम करणारे इथं गल्लोगल्ली आहेत, म्हणून मुद्दाम सांगितलं. गावची जत्राही टाळा, नाहीतर सगळे मटणावर ताव मारत असताना तुम्ही पेज पीत बसाल.

घरी सांगावं का? माझं मत स्पष्ट आहे, सांगावं. सूज लपत नाही आणि जेवणाच्या ताटावर आईला पहिल्याच घासाला कळतं. "आई, शनिवारी जीभ टोचून घेणार आहे, आठवडाभर मऊ भात लागेल," असं आधी सांगितलं तर ओरडा एकदाच बसतो. आणि रात्री-अपरात्री काही बिघडलंच तर दवाखान्यात न्यायला घरचंच माणूस हवं.

कुणाकडे जायचं

सोनारानंच कान टोचावेत हे खरं, पण ते कानापुरतं. सराफ कट्ट्यावरच्या कसबी माणसाकडेही जीभ नेऊ नका. कान टोचायची गन तर जिभेच्या जवळपासही येता कामा नये. तिनं मांस चिरडतं, ती उकळत्या वाफेत निर्जंतुक करता येत नाही आणि तिची तार सुजेला पुरेल एवढी लांब नसते. जीभ टोचणारा माणूस रोज नाही तरी नेहमी जीभ टोचणारा हवा. टॅटू उत्तम काढतो म्हणून पिअर्सिंगही उत्तम जमतं असं नसतं. त्यानं टोचलेल्या, बऱ्या झालेल्या जिभांचे फोटो मागा. ताजे फोटो सगळेच दाखवतात.

पहिल्या खेपेला फक्त बघायला जा. ऑटोक्लेव्ह कुठं आहे ते विचारा. हे प्रेशर कुकरच्या तत्त्वावर चालणारं यंत्र असतं, १२१ अंश तापमानाच्या वाफेत अवजारं निदान पंधरा मिनिटं ठेवतं. पाकीटबंद अवजारांवर एक खूण असते, ती वाफ लागल्यावरच रंग बदलते. ती पाकिटं हातात घेऊन बघा. बऱ्याच ठिकाणी निळा दिवा लावलेला एक डबा दाखवतात आणि "स्टरिलायझर आहे" म्हणतात. त्या निळ्या उजेडात अवजारं निर्जंतुक होत नाहीत, आधी निर्जंतुक केलेली ठेवायला तो फार तर चालेल. भिंतीवर शॉप ॲक्टचा कागद लावलेला असेल, पण तो दुकान चालवण्याचा कागद आहे, स्वच्छतेशी त्याचा संबंध नाही.

दागिन्याबद्दल तीन गोष्टी विचारा. धातू कोणता? उत्तर 'इम्प्लांट ग्रेड टायटॅनियम, एएसटीएम एफ-१३६' असं यायला हवं, किंवा त्याच दर्जाचं स्टील, एफ-१३८. नुसतं "सर्जिकल स्टील आहे" हे उत्तर अपुरं. चांदी, सोन्याचा मुलामा, ऑनलाइन स्वस्तात मिळणारी पाकिटं, हे ताज्या जखमेत नको. जाडी किती? जिभेला १४ गेज म्हणजे १.६ मिलिमीटर ही नेहमीची. आणि आटे कुठं आहेत? आटे दांडीच्या आतल्या बाजूला हवेत. बाहेरून आटे असलेली दांडी भोकातून ओढताना आतून ओरखडत जाते.

पैशांचं बोलताना छोटी दांडी आणि ती बदलून द्यायची मजुरी त्यात धरली आहे का ते आधीच विचारून घ्या. जिथं हा प्रश्न समजतच नाही, तिथून उठा.

टोचण्याचा दिवस

उपाशी पोटी जाऊ नका. दोन तास आधी पोटभर जेवा, कारण नंतर दोन दिवस नीट जेवण होणार नाही. आदल्या दिवसापासून दारू नाही, ॲस्पिरिन नाही. (ॲस्पिरिन डॉक्टरांनीच कायमची दिली असेल तर मनानं बंद करू नका, मग जीभ टोचायचीच नाही.) ब्रश करून जा.

खुर्चीत बसल्यावर काय होतं ते क्रमानं सांगते, म्हणजे बुजणार नाही. आधी माउथवॉशनं चूळ. मग पिअर्सर नवे हातमोजे घालतो आणि कापडानं जिभेचं टोक धरून खालच्या शिरा बघतो. वर आणि खाली ठिपका काढतो. हा ठिपका आरशात बघायचा हक्क तुमचा आहे. तो मधोमध वाटला नाही तर पुसून पुन्हा काढायला सांगा. मग येतो चिमटा: टोकाला दोन कड्या असलेला, जीभ दोन्हीकडून दाबून धरणारा. बऱ्याच जणांना सुईपेक्षा ही पकडच जास्त जाणवते. नाकानं श्वास घ्या. सुई आत पोकळ असते. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी दवाखान्यातली कॅन्युला (सलाइन लावताना वापरतात ती, बारीक नळी चढवलेली सुई) वापरतात, १४ नंबरची, नारिंगी टोपणाची. तिचं पाकीट तुमच्यासमोर फाडलं गेलं पाहिजे. सुई आरपार जायला एक श्वास लागतो. मग कॅन्युलाच्या नळीमागून दांडी ओढून घेतात आणि मणी फिरवून बसवतात. थोडं रक्त येतं, लाळेत मिसळून जास्त वाटतं, घाबरायचं काही नाही. बधिर करायचं इंजेक्शन पिअर्सरनं देऊ नये, ते डॉक्टरांचं काम आहे.

उठायच्या आधी जीभ बाहेर काढून आरशात बघा. दांडी सरळ मधे आहे का? वर-खाली मोकळी जागा दिसते का? पहिली दांडी १८ ते २२ मिलिमीटर असते आणि ती लोंबल्यासारखी वाटायलाच हवी. ती पहिल्याच दिवशी घट्ट, नेटकी दिसत असेल तर ती छोटी आहे. सुजेत मणी मांसात रुततील. तिथल्या तिथं बदलून मागा.

पहिले पाच दिवस

सूज तिसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंत वाढते, मग उतरायला लागते. बर्फाचे छोटे तुकडे तोंडात विरघळू द्या, चावू नका. उशी उंच घ्या. दुखलं तर पॅरासिटामॉल, पाकिटावर लिहिलंय तेवढीच. बोलणं कमी करा. दांडीभोवती पांढरट-पिवळसर चिकट पाणी येतं आणि जिभेवर पांढरा थर बसतो. दोन्ही गोष्टी या दिवसांत नेहमीच्या आहेत, तो पू नव्हे.

जेवण म्हणजे भाताची पेज, तूप घातलेला गुरगुट्या भात, मुगाचं पातळ वरण, नाचणीचं गार सत्त्व, दहीभात, केळं कुस्करून दूध, आइस्क्रीम. सगळं गार किंवा कोमट. चमच्यानं घास थेट दाढांवर ठेवा आणि जीभ सपाट, जागेवर ठेवून चावा. घास जिभेनं फिरवायची सवय दोन दिवस आवरावी लागते, नाहीतर दांडीच दाताखाली येते. भाकरी, ठेचा, तांबडा रस्सा आणि भडंग यांना दोन आठवडे सुट्टी. भडंग तिखट तर आहेच, पण चुरमुऱ्याचा चुरा आणि शेंगदाण्याची कणी दांडीच्या खाली जाऊन बसते आणि जिभेनं निघत नाही.

तंबाखू, गुटखा, मावा, सिगारेट, दारू, सगळं बंद. मिसरी लावायची सवय असेल तर तीही. ती भाजलेली तंबाखूच आहे. ज्याला हे महिनाभर सुटणार नाही त्यानं जीभ टोचू नये, असं मी सरळ म्हणते. चुंबनही जखम भरेपर्यंत नको आणि उष्टं पाणीही नको. कृष्णेत, विहिरीत, टँकमध्ये पोहायला जायचं नाही, पाणी तोंडात जातंच.

धुणं, आणि हळदीचं काय

मिठाचं पाणी रोज ताजं करा. उकळून कोमट केलेल्या पाव लिटर पाण्यात पाव चहाचा चमचा मीठ, याहून जास्त नाही. खारट जास्त म्हणजे गुण जास्त असा हिशेब नसतो, जखम उलट कोरडी पडते. या पाण्यानं प्रत्येक खाण्यानंतर अर्धा मिनिट चूळ भरा. सकाळ-रात्र अल्कोहोल नसलेला माउथवॉश चालेल. क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश डॉक्टरांनी सांगितला तर त्यांनी सांगितले तेवढेच दिवस. जास्त दिवस वापरला तर दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव बदलते. नवा, मऊ ब्रश आणा. दोन-तीन दिवसांनी मण्यांवरूनही हलक्या हातानं ब्रश फिरवा, नाहीतर खालच्या मण्यावर किटण जमतं.

आता हळद. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण इथल्या घरात हळदीला मान मिळायला मानांकन लागत नाही. कापलं, भाजलं, रक्त आलं की आजी चिमूटभर हळद दाबणारच. आजीचा हेतू मायेचाच असतो, पण इथं ती दाबू देऊ नका. त्वचेवरची जखम उघडी असते, तिथली हळद धुता येते. इथं मात्र आरपार गेलेलं अरुंद भोक आहे. पूड दांडीभोवती आत जाते, लाळेनं तिचा लगदा होतो आणि तो तिथंच राहतो. लवंगेचं तेल, तुरटी, मध यांचंही तेच. आजीला हळदीचं गार दूध करू द्या. पिऊन टाकायचं आणि मिठाच्या पाण्यानं चूळ भरायची. तिचंही मन राहतं.

दांडी हातानं फिरवायची गरज नसते. फक्त रोज एकदा हात साबणानं धुऊन मणी घट्ट आहेत का बघा: खालचा धरून ठेवायचा, वरचा उजवीकडे फिरवायचा. मणी गिळला गेला तर तो सहसा पोटातून निघून जातो. मात्र त्यानंतर खोकल्याची उबळ थांबत नसेल किंवा धाप लागत असेल तर तो श्वासनलिकेत गेला असं समजून लगेच दवाखाना गाठा.

छोटी दांडी

आता ते दुसरं जाणं. दोन ते चार आठवड्यांत सूज पूर्ण उतरते आणि पहिली दांडी तोंडात खुळखुळायला लागते. याच वेळी सवय लागते. अभ्यास करताना, बसमध्ये, फोनवर बोलताना माणूस दांडी दातांमध्ये धरून चावतो, नाहीतर खालचा मणी पुढच्या दातांच्या मागं घासत बसतो. आवाज येतो, मजा वाटते. त्याचा परिणाम दिसायला वेळ लागतो: खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूची हिरडी हळूहळू खाली सरकते आणि दाताचं मूळ उघडं पडतं. गेलेली हिरडी आपोआप परत वर येत नाही. दाढांचे कोपरेही असेच उडतात.

म्हणून टोचलं त्याच दिवशी पुढची तारीख घेऊन ठेवा. बदलण्याचं काम पिअर्सरकडूनच करून घ्या. ताजं भोक दांडी काढल्यावर थोड्या वेळातच आवळायला लागतं आणि घरी आरशासमोर दुसरी दांडी घालताना वाट चुकते, जखम पुन्हा होते. छोटी दांडी बहुतेकांना १४ ते १६ मिलिमीटर लागते. तोंड मिटून जीभ सैल सोडली की मणी दातांना लागू नयेत, ही तिची परीक्षा. हिरड्यांच्या काळजीनं पुष्कळ जण खाली चपटा मणी घेतात आणि ते मला योग्य वाटतं. प्लॅस्टिकचे मणी दातांना मऊ म्हणून विकतात, पण ते चावून फुटतात. जखम पुरती भरायला सहा ते आठ आठवडे धरा. तोवर हौसेनं रंगीत दांड्या बदलायच्या नाहीत.

दवाखान्यात कधी जायचं

स्वच्छ कापसाच्या गॉजनं दाबून वीस मिनिटांत रक्त थांबलं नाही तर. पाचव्या दिवसानंतर सूज उतरायच्या ऐवजी वाढत असेल, ताप असेल, घट्ट हिरवट-पिवळा पू आणि घाण वास येत असेल तर. मणी मांसात रुतत असेल तर. जिभेचा काही भाग बधिर राहिला किंवा चव गेली आणि परत येत नसेल तर. अशा वेळी दांडी मनानं काढू नका. वरचं भोक मिटतं आणि पू आत कोंडतो, तो निर्णय डॉक्टरांचा.

यातली एक गोष्ट मात्र सकाळपर्यंत थांबू देत नाही. जिभेखालचा तळ उचलला गेला, हनुवटीखाली कडक सूज आली, लाळ गिळता येईना, आवाज घोगरा-कोंडल्यासारखा झाला किंवा श्वासाला अडथळा वाटला, तर त्याच क्षणी १०८ ला फोन करा किंवा सांगलीचं सिव्हिल नाहीतर मिरजेचं शासकीय रुग्णालय, जे जवळ असेल ते गाठा. तोंडाच्या तळातला हा जंतुसंसर्ग काही तासांत श्वास बंद करू शकतो. जीभ टोचली आहे हे पोचल्या पोचल्या सांगा. लाजून लपवलेली ही माहिती डॉक्टरांचा मोलाचा वेळ खाते.

पुढं

दर सहा महिन्यांनी दंतवैद्याकडून खालच्या दातांची आतली बाजू बघून घ्या. हिरडी सरकतेय असं त्यांनी सांगितलं तर दांडी काढायची, मग ती कितीही आवडती असो. कबड्डी, कुस्ती खेळणाऱ्यांनी सरावात ती ठेवू नये, आणि आखाडा रोजचाच असेल तर जीभ टोचूच नये. दांडी रोज काढली तर भोक आवळतं. एमआरआय किंवा भूल द्यायचं ऑपरेशन असेल तर आधी सांगा, बहुतेक ठिकाणी काढायलाच लावतात.

जीभ दुभागून देतो म्हणणारे भेटले तर त्यांच्यापासून लांब राहा. ती शस्त्रक्रिया आहे. तमिळनाडूतल्या तिरुचिरापल्लीत डिसेंबर २०२४ मध्ये टॅटूच्या दुकानात हे केल्याबद्दल पोलिसांनी अटक केली होती.

आणि दांडी नको झाली तर काढणं सोपं आहे. हात धुवा, खालचा मणी धरून वरचा डावीकडे फिरवा, दांडी खालून ओढून घ्या, दोन-तीन दिवस मिठाच्या पाण्यानं चूळ भरा. भोक काही दिवसांत, कधी काही तासांतही, मिटायला लागतं. बरीच वर्षं दांडी असेल तर वर एक बारीक खळी राहते. पुन्हा टोचायची इच्छा झालीच तर निदान दोन-तीन महिने जाऊ द्या आणि शक्यतो त्याच पिअर्सरकडे जा, त्याला तुमच्या शिरा कुठं आहेत ते माहीत असतं.